पाणी ओढणारा पंप कुठल्याच पेशीत नाही

ओआरएसच्या पुडीत मीठ का असतं हे कोणाला सांगावं लागत नाही. जुलाबातून, उलटीतून गेलेलं मीठ परत द्यायचं असतं. पण साखर कशाला? नागपुरात ऐन मे महिन्यात कुठल्याही औषधाच्या दुकानासमोर हा प्रश्न टाकून पाहा, ‘ताकद यावी म्हणून’ हेच उत्तर बहुतेकदा मिळेल. एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम, म्हणजे ५४ कॅलरी. जेमतेम अर्ध्या पोळीएवढ्या. ती साखर घातलेली असते मिठाला आतड्याच्या पेशीत शिरता यावं म्हणून, आणि मीठ आत जायला हवं ते पाण्याला त्याच्या मागोमाग जाता यावं म्हणून.

हा वळसा घ्यावा लागतो, कारण पाणी थेट ओढून घेणारा पंप शरीरातल्या कुठल्याच पेशीकडे नाही. झाडांच्या पेशींकडेही नाही. सोडियमचे, पोटॅशियमचे, कॅल्शियमचे, हायड्रोजनचे पंप आहेत, पाण्याचा नाही. पेशी विरघळलेले पदार्थ इकडून तिकडे हलवते आणि पाणी त्यांच्या मागून जातं. एवढं ध्यानात ठेवलं की सलाईनची बाटली, लोणच्याला सुटणारं पाणी, नागपूरजवळच्या काटोलच्या बागेत तडकणारं संत्रं आणि सिकलसेलच्या (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला दिलेला ‘पाणी पीत राहा’ हा सल्ला, यांचा उलगडा एकाच रीतीने होतो.

पटलातून कोण जातं, कोण अडतं

प्रत्येक पेशीभोवती साधारण ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचं पटल असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. अशी सव्वा लाख पटलं एकावर एक रचली तर कुठे एक मिलिमीटर जाडी भरेल. त्याचा मुख्य भाग फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचा. या रेणूचं डोकं पाण्यात रमणारं आणि दोन शेपट्या तेलकट, पाण्यापासून दूर पळणाऱ्या. म्हणून ते पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन पंगतींसारखे रचले जातात: डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या मधोमध. गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये लाल रक्तपेशींमधली चरबी काढून पाण्यावर एकपदरी पसरली, तेव्हा ती पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट जागेवर पसरली. पटल दुपदरी असल्याचा तो पहिला भक्कम पुरावा. या स्निग्ध थरात प्रथिनं रुतलेली असतात आणि ती थरातल्या थरात सरकतातही, हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलं.

मधला थर तेलकट, त्यामुळे तेलात मिसळणारं सहज पार होतं: ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल, स्टिरॉइड संप्रेरकं. पाण्याचा रेणू लहान असल्यामुळे थोडा-थोडा झिरपतो. ग्लुकोज जवळजवळ अडतं. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड हे विद्युतभारित आयन तर अडतातच. सोडियमचा आयन आकाराने चिमुकला असला तरी त्याला पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले असतात, आणि ते सोडून तेलात शिरायला फार ऊर्जा लागते. नुसत्या स्निग्ध थरातून पाणी ज्या वेगाने जातं त्याच्या अब्जावा हिस्साही सोडियमच्या वाट्याला येत नाही.

ज्यांना अडथळा नाही ते पदार्थ दाटीकडून विरळाकडे आपोआप पसरतात. हे विसरण. त्याला ऊर्जा लागत नाही, पण अंतर वाढलं की ते हतबल होतं, आणि पुस्तकांत नेमकं हेच सांगायचं राहून जातं. लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. लहान रेणूला पाण्यात १० मायक्रोमीटर, म्हणजे एका पेशीची रुंदी, ओलांडायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. १ सेंटिमीटरला सुमारे १४ तास. १ मीटरला १५ वर्षांच्या वर. पेशी इतक्या लहान का आणि शरीराला रक्ताभिसरण कशाला लागतं, हे या तीन आकड्यांवरूनच कळतं.

बटाटा, मीठ आणि वजनकाटा

पाण्याचं विसरणही होतंच. फक्त मध्ये असं पटल असेल की पाणी जाईल पण विरघळलेला पदार्थ अडेल, तर पाणी जिकडे विरघळलेले कण जास्त तिकडे सरकतं. हे परासरण. पुस्तकातल्या चित्रात बाण एकाच दिशेने दाखवतात, त्याने घोटाळा होतो. रेणू दोन्हीकडे जा-ये करत असतात, एका बाजूला ते जास्त जातात एवढंच. बाहेरचं द्रावण पेशीइतकंच दाट असेल तर ते समपरासारी, पेशीपेक्षा पातळ असेल तर अवपरासारी, दाट असेल तर अतिपरासारी.

घरी करून पाहायचं असेल तर बटाटा घ्या. व्हिनेगरमध्ये अंड्याचं कवच विरघळवण्याचा प्रयोग शाळांचा लाडका आहे, पण तिथे उरतो तो कवचाखालचा पापुद्रा, पेशीचं पटल नव्हे. बटाट्याच्या फोडीत खऱ्या, जिवंत पेशी असतात.

पाच पेल्यांत प्रत्येकी २०० मिलीलीटर पाणी घ्या. पहिल्यात काही नको. पुढच्या चारांत अनुक्रमे १, २, ४ आणि १० ग्रॅम मीठ, म्हणजे अर्धा, एक, दोन आणि पाच टक्के. एकाच बटाट्याच्या ५ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर जाड फोडी करा, साल पूर्ण काढा, प्रत्येक पेल्याला तीन-तीन. टाकण्याआधी ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा, साधारण १६ ग्रॅमच्या आसपास भरेल. दोन तासांनी काढा, टिपकागदाने हलकेच टिपा, पुन्हा वजन करा. साध्या पाण्यातल्या फोडी जड आणि कडक झालेल्या असतील, वाकवल्या तर कट्कन तुटतील. पाच टक्क्यांतल्या हलक्या आणि लुळ्या, बोटाभोवती वळवता येतील. वजनातला फरक कागदावर मांडून रेघ काढली की ती शून्याला छेदते ती जागा बहुधा एक टक्क्याच्या आसपास येते. तेवढ्या मिठाचं पाणी त्या बटाट्याला समपरासारी.

प्रयोग फसतो तो ठरलेल्या जागी. एक पेला जोरात टिपला, दुसरा हलक्या हाताने, की फरक टिपण्याचाच येतो. साल राहिली तर पाणी त्या बाजूने शिरतच नाही. आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेऊ नका, माठातलं घ्या. पाणी फार तापलेलं असेल तर पटलं खराब होतात, मग पाच टक्क्यांतली फोड आणि साध्या पाण्यातली फोड दोन्ही लुळ्या पडतात. हेच बिटावर डोळ्यांनी दिसतं: धुतलेली फोड गार पाण्यात टाकली तर पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं, ७० अंशांच्या पाण्यात टाकली तर काही मिनिटांत लालभडक. रंग पेशीतल्या रिक्तिकेत कोंडलेला असतो, पटल गेलं की सुटतो.

आता मिठाऐवजी साखर घ्या आणि तोच एक टक्का ठेवा. फोडीला ती साखर कळणारही नाही, साध्या पाण्यात असल्यासारखीच ती फुगेल. परासरणात कणांची संख्या मोजली जाते, वजन नाही. मिठाचा प्रत्येक घटक पाण्यात फुटून दोन आयन होतात आणि ते हलके असतात. साखरेचा रेणू जड, आणि फुटतही नाही. ग्रॅमला ग्रॅम लावला तर मीठ साखरेच्या जवळपास बारापट काम करतं. कैरीच्या लोणच्याला १५ ते २० टक्के मीठ पुरतं आणि मुरांब्याला साखर ६५ टक्क्यांच्या वर न्यावी लागते, याचं मोठं कारण हेच.

लोणच्यात आणखी एक गंमत आहे. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावली की रात्रभरात पाणी सुटतं. ही जिवंत पेशींची करामत: पाणी बाहेर येतं, मीठ आत जात नाही, आणि पेशीतला ऐवज आक्रसून भिंतीपासून सुटतो. याला रससंकोच म्हणतात. पुढे पेशी मरतात, पटल निवडक राहत नाही, आणि मगच मीठ-मसाला फोडीच्या गाभ्यात उतरतो. लोणचं ‘मुरतं’ ते या दुसऱ्या टप्प्यात, म्हणून त्याला दिवस लागतात.

पेशी फुटत का नाही

रक्तद्रवाची परासारिता, म्हणजे त्यात विरघळलेल्या सगळ्या कणांची मिळून दाटी, २७५ ते २९५ मिलिऑस्मॉल असते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या द्रावणाच्या एका बाजूला शुद्ध पाणी आणि मध्ये पटल ठेवलं तर ३७ अंशांना ७ वातावरणांहून जास्त दाब तयार होतो. लाल रक्तपेशीला भिंत नाही. शुद्ध पाण्यात टाकली की ती फुगते आणि फुटते. ती चपटी, मध्ये खोलगट असल्यामुळे थोडं फुगायला जागा असते: आकारमान सुमारे ९० फेम्टोलिटरवरून १५० पर्यंत वाढू शकतं, त्यापुढे नाही. प्रयोगशाळेत मिठाचं पाणी हळूहळू पातळ करत नेलं तर निरोगी पेशी साधारण ०.५ टक्क्याच्या जवळ फुटायला लागतात आणि ०.३ टक्क्याला सगळ्या फुटलेल्या असतात. झाडाच्या पेशीला सेल्युलोजची भिंत आहे. पाणी आत शिरतं, दाब वाढतो, भिंत उलटा रेटा देते आणि पाणी थांबतं. पालक ताजा असताना ताठ असतो तो याच दाबावर.

खरी अडचण पुढे आहे. पेशीच्या आत प्रथिनं कोंडलेली, ती बाहेर जाऊ शकत नाहीत. त्यांच्यामुळे आयन आत जमत राहतात, त्यांच्यामागे पाणी. म्हणजे समपरासारी रक्तात ठेवूनही पेशी हळूहळू फुगून फुटायला हवी. ती फुटत नाही याचं श्रेय सोडियम-पोटॅशियम पंपाला. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये तो शोधला, नोबेल मिळालं ४० वर्षांनी, १९९७ मध्ये. एटीपी या पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचा एक रेणू खर्चून हा पंप ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. परिणाम असा की बाहेर सोडियम लिटरला १४० मिलिमोल आणि आत १२ च्या आसपास, तर पोटॅशियम आत १४० आणि बाहेर ४. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या एका कामावर जातो.

पंप अडला की काय होतं ते रक्तपेढीत दिसतं. रक्ताची पिशवी २ ते ६ अंशांना ठेवतात. त्या थंडीत पंप मंदावतो आणि पोटॅशियम पेशीतून बाहेर गळत राहतं, म्हणून मुदतीच्या शेवटाला आलेल्या पिशवीतल्या द्रवात ते बरंच वाढलेलं असतं. तपासणीसाठी घेतलेल्या रक्ताचंही तेच. पेशी वेगळ्या न करता नळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली, किंवा रक्त काढताना पेशी फुटल्या, तर अहवालात पोटॅशियम खोटंच जास्त येतं. रुग्ण ठणठणीत आणि पोटॅशियम ६.५ असेल तर आधी नवा नमुना घेऊन तपासतात.

पाण्यासाठी पंप नाही, पण वाट आहे. नुसत्या स्निग्ध थरातून झिरपणं काही पेशींना पुरत नाही. पीटर एग्री यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवलं की लाल रक्तपेशीत आणि मूत्रपिंडात पाण्याच्या खास वाहिन्या आहेत: अॅक्वापोरिन. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी. एका वाहिनीतून सेकंदाला अब्जावधी रेणू एकामागे एक जातात. सर्वांत अरुंद जागा ०.२८ नॅनोमीटर, म्हणजे पाण्याचा एकच रेणू मावेल एवढी. पण दिशा वाहिनी ठरवत नाही. मूत्रपिंड दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतं आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी परत घेतं. तिथेही आधी सोडियम शोषला जातो, मग पाणी येतं. शेवटच्या नळीत किती पाणी वाचवायचं ते मेंदूतून येणारं एडीएच संप्रेरक ठरवतं. ते आलं की अॅक्वापोरिन पटलावर येऊन बसतात, ते ओसरलं की पुन्हा पेशीच्या आत जातात.

साखरेचं खरं काम

आता पुडीकडे येऊ. लहान आतड्यात रोज ९ लिटरच्या आसपास द्रव येतो: दोनेक लिटर आपण प्यायलेला, बाकी लाळ, जठररस, पित्त वगैरे. त्यातला बहुतेक परत शोषला जातो, शौचावाटे जातो तो १००-२०० मिलीलीटर. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला पंप सोडियम बाहेर फेकत राहतो, म्हणून पेशीत सोडियम कमी. आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला एसजीएलटी-१ नावाचं वाहक प्रथिन आहे. ते २ सोडियम आणि १ ग्लुकोज सोबतच आत घेतं. एकटं ग्लुकोज घेत नाही, एकटा सोडियमही नाही. सोडियमला उतार मिळतो, त्या जोरावर ग्लुकोज चढाने आत येतं, आणि या दोघांच्या मागे पाणी. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडली.

कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीत क्लोराइडच्या वाहिन्या सताड उघड्या करून ठेवतं. क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. दिवसाला १० लिटरहून जास्त पाणी असं जाऊ शकतं. सोडियमची नेहमीची शोषणाची वाटही दबते. मात्र एसजीएलटी-१ ला हात लागत नाही. म्हणून नुसतं मीठ-पाणी प्यायला दिलं तर ते तसंच बाहेर पडतं, आणि त्यात ग्लुकोज घातलं तर शोषलं जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने द्यायला लावलं. मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ते ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आजची पुडी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे असते. एक लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९. हिशोब केला तर सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल, एकूण परासारिता २४५. रक्तापेक्षा थोडी कमी, मुद्दाम. जुन्या सूत्रात ती ३११ होती. ती घटवल्यावर मुलांना जुलाब आणि उलट्या कमी झाल्या, शिरेतून सलाईन लावण्याची वेळही कमी आली.

हे आकडे बिघडले की औषधच उलटतं. लिटरभराची पुडी एका पेल्यात कालवली तर द्रावण रक्ताच्या कितीतरी पट दाट होतं, पाणी शरीरातून आतड्याकडे ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. लहान बाळात रक्तातला सोडियम धोक्याच्या पातळीवर चढू शकतो. ‘थोडी थोडी घेऊ’ म्हणून अर्धी पुडी अंदाजाने टाकणंही नको, कारण भुकटी एकसारखी मिसळलेली असेलच असं नाही. लिटरची पुडी पूर्ण एका लिटरमध्ये, २०० मिलीलीटरची त्या मापात, आणि कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्यायचं. चव यावी म्हणून वरून साखर घालू नका. कोलासारख्या पेयात १०० मिलीलीटरला १० ग्रॅमच्या वर साखर असते आणि सोडियम नावापुरता, त्यामुळे जुलाबात ते घातकच. डबाबंद गोड पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली, ती याचसाठी.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. साखर सहा चमचे, कारण आपल्या साखरेचा रेणू आतड्यात फुटून अर्धा ग्लुकोज होतो आणि अर्धा फ्रुक्टोज, आणि एसजीएलटी-१ फक्त ग्लुकोज उचलतं. पन्हं उन्हातून आल्यावर उत्तम, जुलाबात नको, ते फार गोड असतं. ताकात मीठ घालून दिलं तर चालतं.

याच वाहक कुटुंबातला भाऊ, एसजीएलटी-२, मूत्रपिंडात बसून ग्लुकोज परत घेतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या त्याला अडवतात. ग्लुकोज लघवीतून जातं, आणि त्याच्यामागे अर्थातच पाणी. नागपूरच्या उन्हाळ्यात या गोळ्या चालू असणाऱ्याने पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, खाणं-पिणं सुटलं, तर गोळी थांबवायची का हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावं.

सलाईन आणि नुसतं पाणी

‘नॉर्मल सलाईन’ म्हणजे ०.९ टक्के मीठ, अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम. सोडियम १५४, क्लोराइड १५४, बेरीज ३०८. पेशींना जवळजवळ समपरासारी, म्हणून ते पेशीबाहेरच राहतं. ५ टक्के डेक्स्ट्रोज (हे ग्लुकोजचंच दुसरं नाव) बाटलीत असताना समपरासारी असतं, २७८. पण ग्लुकोज पेशींनी घेतलं की मागे नुसतं पाणी उरतं, आणि त्याचा दोन तृतीयांश भाग पेशींच्या आत जातो. एक लिटर नॉर्मल सलाईन दिलं तर शेवटी सुमारे पाव लिटर रक्तवाहिन्यांत टिकतं, एक लिटर डेक्स्ट्रोजमधलं शंभर मिलीलीटरही नाही. रक्तदाब घसरलेल्या माणसाला डेक्स्ट्रोज का चालत नाही ते यावरून कळेल. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ग्लुकोज असतं २५ ग्रॅम, १०० कॅलरी. ‘ताकदीची सलाईन’ मागणाऱ्याला एवढीच ताकद मिळते.

सांद्र पोटॅशियम शिरेत थेट सोडत नाहीत, नेहमी पातळ करून आणि सावकाश. हृदयाच्या पेशींचं विजेचं गणित आतल्या १४० आणि बाहेरच्या ४ यांच्या फरकावर चालतं. बाहेरचा आकडा एकदम चढला तर ठोके थांबतात.

उन्हाकडे या. घाम रक्तापेक्षा पातळ असतो, लिटरला साधारण २० ते ८० मिलिमोल सोडियम. म्हणून घाम गेला की रक्त थोडं दाट होतं, पेशींतून पाणी बाहेर येतं, मेंदूतल्या परासरण ओळखणाऱ्या पेशी आक्रसतात आणि तहान लागते. परासारिता एक-दोन टक्के वाढली तरी पुरे. घरात कूलरसमोर बसलेल्याला पाणी आणि रोजचं जेवण बस होतं. पण ४५ अंशांत सहा-सात तास उन्हात राबणारा माणूस तासाला लिटरभर घाम गाळतो. त्याने नुसतं पाणीच भसाभस प्यायलं तर सोडियम १३५ च्या खाली घसरू शकतो. मग पाणी पेशींत शिरतं. हात-पाय सुजले तर जागा असते, मेंदू कवटीत बंद आहे. आधी डोकेदुखी आणि मळमळ, मग गोंधळल्यासारखं बोलणं, पुढे झटके. हे ऊन लागल्यासारखंच दिसतं, म्हणून घरी पाणी पाजत बसणं धोक्याचं. असा गोंधळलेला माणूस लगेच दवाखान्यात न्यावा. उपचारातही घाई चालत नाही. सोडियम बऱ्याच दिवसांपासून कमी असेल तर मेंदूच्या पेशींनी स्वतःतले कण घटवून जुळवून घेतलेलं असतं. अशा वेळी तो २४ तासांत ८-१० पेक्षा जास्त वाढवला तर पेशी झपाट्याने आक्रसतात आणि मेंदूतल्या चेतांच्या आवरणाला इजा होते.

संत्र्याची बाग

मुळांच्या पेशी मातीतले क्षार पंपांच्या जोरावर आत घेतात, मग पाणी येतं. खताचा मोठा डोस एकदम बुंध्याशी टाकला आणि पाणी कमी दिलं, तर मातीतलं द्रावण मुळांपेक्षा दाट होतं. जमीन ओली असून झाड कोमेजतं. पानांवर युरियाची फवारणी १ टक्क्याने करतात, १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम. भर दुपारी केली तर थेंबातलं पाणी उडून जातं, युरिया मागे राहतो, द्रावण दाट होत जातं आणि पानांच्या कडा करपतात. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर केली तर शोषलं जाईपर्यंत थेंब ओला राहतो.

फळं तडकतात ती मुख्यतः पाण्याच्या हिसक्याने. बरेच दिवस कोरडे गेले की सालीच्या पेशींची वाढ मंदावते, साल ताणायची थांबते. मग दणकून पाऊस पडला किंवा भरपूर ओलित दिलं, की साखर-आम्लाने भरलेल्या रसकोशांत पाणी भराभर शिरतं, साल तेवढी ताणत नाही आणि चीर पडते. म्हणून बहर यावा यासाठी पाणी बंद ठेवून दिलेला ताण तोडताना सुरुवातीला हलकं पाणी देतात आणि पुढे पाळ्या नियमित ठेवतात.

सिकलसेल

विदर्भात या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो इथे. मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा आजही या आजाराचा मोठा भाग आहे. हिमोग्लोबिनमधलं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, त्यामुळे ऑक्सिजन सुटल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे बनतात आणि पेशी विळ्याच्या आकाराची होते.

पण दोरे किती लवकर बनतात हे पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर भयंकर अवलंबून असतं. दाटपणाच्या पंधराव्या ते तिसाव्या घाताने वेग बदलतो. म्हणजे पेशीतलं थोडंसं पाणी गेलं तरी दोरे बनायला लागणारा वेळ कित्येक पटींनी घटतो. पाणी जातं कसं? पेशी वाकडी झाली की तिच्या पटलातून कॅल्शियम आत शिरतो. कॅल्शियममुळे पोटॅशियमची एक वाहिनी उघडते, गार्डोस वाहिनी. पोटॅशियम बाहेर, सोबत क्लोराइड, आणि मागे पाणी. पेशी आणखी दाट, आणखी वाकडी. पोटॅशियम आणि क्लोराइडला जोडीने बाहेर नेणारं एक वाहक प्रथिनही यात भर घालतं. गार्डोस वाहिनी बंद करणारं सेनिकापॉक नावाचं औषध माणसांवर तपासलं गेलं. पेशी कमी सुकल्या, कमी फुटल्या, तरी दुखण्याचे झटके कमी झाले नाहीत. म्हणजे पेशी सुकणं हा आजाराचा एक भाग आहे. रक्तवाहिनीच्या अस्तराला पेशी चिकटणं, सूज या गोष्टी वेगळ्या उरतातच.

मूत्रपिंडाच्या गाभ्यात तर सगळं एकत्र येतं. तिथली परासारिता १२०० मिलिऑस्मॉलपर्यंत जाते, ऑक्सिजन कमी, वातावरण आम्ल. तिथून जाणाऱ्या लाल पेशीतलं पाणी निघून जातं आणि दोरे बनतात. बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं अशा बंद होत गेल्या की तो गाभा खराब होतो आणि लघवी दाट करण्याची ताकद जाते. हे रुग्णांमध्ये तर होतंच, आजाराचं एकच जनुक असलेल्या माणसांमध्येही (यांना आजाराचे वाहक म्हणतात) कमी-जास्त होतं. अशा माणसाचं शरीर पाण्याची चणचण असतानाही पातळ लघवी करत राहतं. लघवीचा रंग फिका दिसतो म्हणून पाणी पुरेसं आहे असा हिशोब त्याच्या बाबतीत चुकतो. तहान लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी पाणी, रात्री उशाशी तांब्या, आणि जुलाब सुरू झाले तर पहिल्याच दिवशी ओआरएस.